वेशीवरची नजर

रेडी हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचे अगदी टोकाचे गाव. शिरोड्याची मिठागरे मागे टाकून दक्षिणेला निघालेला रस्ता रेडीत येतो, यशवंतगडाच्या बाजूने पुढे जातो आणि थोड्याच वेळात गोव्यात शिरतो. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटते, गोवा नदीच्या पलीकडे असेल. तेरेखोल नदी ओलांडायच्या आधीच गोवा लागतो. नदीच्या उत्तर तीरावरचा तेरेखोलचा किल्ला आणि त्याला बिलगलेले लहानसे गाव पेडणे तालुक्यात मोडते, उरलेला गोवा पलीकडे केरीपासून सुरू होतो. तेरेखोलच्या माणसाला आपल्याच राज्यात जायचे तर फेरीबोट धरावी लागते, आणि जमिनीवरून कुठेही जायचे तर महाराष्ट्रात पाय ठेवावा लागतो.

अशा ठिकाणी सीमा कुणाच्या रोजच्या विचारात नसते. रेडी, आरोंदा, सातार्डा, बांदा या पट्ट्यातली मुले गोव्यात हॉटेलांत, कारखान्यांत, दुकानांत कामाला जातात. सोयरिकी दोन्हीकडे आहेत. दुखणे वाढले की सिंधुदुर्गातला माणूस मुंबईकडे बघत नाही, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे निघतो. मार्च २०२०च्या शेवटच्या आठवड्यात कोरोनाच्या साथीमुळे ही सगळी ये-जा थांबली. गोव्याने सीमा बंद केली, महाराष्ट्राने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या, आणि वर्षानुवर्षे कुणी न पाहिलेल्या रेषेवर बांबू आडवे झाले.

३० एप्रिलला केंद्राने देशातल्या सगळ्या जिल्ह्यांची लाल, नारिंगी, हिरवी अशी विभागणी जाहीर केली. महाराष्ट्रातले सहा जिल्हे हिरवे होते: उस्मानाबाद, वाशिम, गोंदिया, गडचिरोली, वर्धा आणि सिंधुदुर्ग. गोव्याचे दोन्ही जिल्हेही हिरवे. म्हणजे रेषेच्या दोन्ही बाजूंना रोगाचा धोका कमी होता, तरी रेषा पक्की होती. आणि मुंबई, ठाणे, पुणे लाल. रेडीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातले कुणी ना कुणी या लाल भागात होते. पुढच्या चार महिन्यांत कोकणात माणसांनी माणसांना जे जोखले, ते या रंगांच्या आधाराने.

या प्रकरणाचा विषय तो आहे: टाळेबंदीच्या काळात आपण दुसऱ्यांचे वागणे कसे पारखले, आणि त्या पारखण्याचा रोगाशी कितपत संबंध होता.

कायद्याच्या बाजूने सुरुवात करू. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला. हा कायदा १८९७चा. मुंबई-पुण्यात प्लेग पसरला तेव्हा इंग्रज सरकारने तो घाईने केला, आणि त्याच वर्षी पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून बायाबापड्यांची तपासणी केली. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, त्याच्या मागे हा संताप होता. त्या साथीत नियम लादणारा परका होता आणि त्याला चुकवणारा शेजारी आपला होता. २०२० मध्ये हे नाते बदलले. नियम आपल्या सरकारचे होते, ते पाळणे हे देशासाठी आणि शेजाऱ्यासाठी करायचे काम आहे असे सांगितले गेले, आणि ते बहुतेकांना मनापासून पटले. म्हणून नियम चुकवणारा या वेळी शेजाऱ्याच्या नजरेत गुन्हेगार ठरला.

आदेश मोडणाऱ्यावर भारतीय दंड संहितेचे कलम १८८ लागत होते. जास्तीत जास्त शिक्षा सहा महिने. महत्त्वाची गोष्ट अशी की या कलमाखाली न्यायालय आपण होऊन किंवा कुणा नागरिकाच्या तक्रारीवरून दखल घेऊ शकत नव्हते, संबंधित लोकसेवकाने लेखी तक्रार द्यावी लागे. कायदा करणाऱ्यांनी शेजाऱ्याला फिर्यादी होऊ दिले नव्हते. पण खेड्यात लोकसेवक म्हणजे कोण? तलाठ्याकडे अनेक गावे, पोलीस ठाणे लांब. मग गावोगाव समित्या झाल्या. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी, आशा सेविका, अंगणवाडी सेविका, वाडीवाडीतले दोन-चार तरुण. कोण आला, कुठून आला, कुठे उतरला याची नोंद त्यांनी ठेवायची. हे काम कुणीतरी करायलाच हवे होते, आणि आशा सेविकांनी ते तुटपुंज्या मानधनावर, पुरेशा मास्कशिवाय केले. पण ज्याच्या घरी आपण चतुर्थीला आरतीला जातो, त्याच्याच दारात वही घेऊन उभे राहायचे, हे काम माणसाला आतून बदलते. ज्याच्या हातात वही नव्हती त्याच्याही नजरेत ती वही उतरली. अख्खे गाव नोंद ठेवू लागले.

सरकारने या नजरेला खूणही पुरवली. १६ मार्चपासून महाराष्ट्रात घरी विलग राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर शिक्का मारायला सुरुवात झाली, मतदानाच्या वेळी वापरतात त्या न पुसणाऱ्या शाईने. दोनच दिवसांनी मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या गरीबरथमध्ये जर्मनीहून आलेल्या चार प्रवाशांच्या हातावर हा शिक्का सहप्रवाशांना दिसला, त्यांनी आरडाओरडा केला आणि पालघरला चौघांना उतरवले गेले. इथे प्रवाशांचे चुकले असे मी म्हणणार नाही. बंद डबा, तासन्‌तासांचा प्रवास, धोका खरा आणि जवळचा होता. दुसऱ्याला हटकणे प्रत्येक वेळी अन्याय्य नसते. साथीत ते कधीकधी जीव वाचवते. प्रश्न एवढाच की हटकणारा धोक्याकडे बघत असतो की दुसऱ्याच कशाकडे.

रेडीच्या किनाऱ्यावर उभे राहून याचा विचार करू. १० एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर अजून रापण ओढली जाते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे टाकायचे आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर ओढत ते वाळूवर आणायचे. याला चार माणसे पुरत नाहीत. दोन रांगांत बाया-बापे, म्हातारे-पोरगे एकाच दोराला हात लावतात, वाटा सगळ्यांचा असतो. आता कुणी लांबून मोबाइलवर याचा फोटो काढला तर काय दिसेल? एकाला एक चिकटलेली गर्दी. ‘सोशल डिस्टन्सिंगचा फज्जा’ हा मथळा त्या फोटोखाली कुणीही सहज लिहिला असता.

फोटोबद्दल एक प्रयोग त्याच महिन्यात डेन्मार्कमध्ये झाला. ओलाफुर स्टेइनार गेस्टसन आणि फिलिप डवाली या दोन छायाचित्रकारांनी त्याच रांगांचे, त्याच माणसांचे, त्याच वेळी दोन-दोन फोटो काढले. एक रुंद भिंगाने बाजूने, दुसरा लांब पल्ल्याच्या भिंगाने समोरून. पहिल्यात माणसे सुटसुटीत उभी दिसतात, दुसऱ्यात खेटून. दोन्ही फोटो खरे. लांब भिंगाने अंतर चेपले जाते, एवढेच. त्या वर्षी वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर फिरलेली बाजाराची, किनाऱ्याची, पुलाची किती चित्रे अशा भिंगातून आली होती, आणि ती पाहून आपण किती अनोळखी माणसांना बेजबाबदार म्हटले, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

आणि ती माणसे खरोखर खेटून असती तरी? जून २०२० मध्ये इंग्लंडच्या बोर्नमथ किनाऱ्यावर प्रचंड गर्दी झाली, स्थानिक प्रशासनाला आणीबाणीसदृश घोषणा करावी लागली, आणि देशभर त्या लोकांवर टीकेची झोड उठली. एडिनबरा विद्यापीठातले साथरोगतज्ज्ञ मार्क वूलहाऊस यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीला सांगितले की समुद्रकिनाऱ्यावरील गर्दीशी जोडता येईल असा एकही उद्रेक आढळलेला नाही. वारा वाहता असेल, आकाश उघडे असेल, तर श्वासातले विषाणूचे कण विरून जातात. ते साठतात बंद खोलीत, दारे-खिडक्या लावलेल्या बसमध्ये, मंगल कार्यालयात, आणि आपल्या घराच्या माजघरात. तिथे फोटो काढणारा कुणी नसतो.

त्यात या रोगाची आणखी एक गोष्ट. एप्रिल २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या एका चिनी अभ्यासाने अंदाज बांधला की सुमारे ४४ टक्के संसर्ग लक्षणे दिसायच्या आधीच होतो. ज्याला ताप नाही, खोकला नाही, जो हसतखेळत बोलतो आहे, तोही देत असतो. म्हणजे नजरेला पकडता येईल असा धोका फार थोडा होता. नजर मात्र रिकामी राहत नाही. तिला जे दिसते त्यालाच ती धोका मानते: पारावर पत्ते कुटणारी पोरे, विनाकारण दुचाकीवरून फिरणारा, संध्याकाळी किनाऱ्यावर जाणारी जोडपी. आणि मुंबईची नंबरप्लेट असलेली गाडी.

इथे मानसशास्त्रातल्या एका अभ्यासाचा फार उपयोग होतो. तो साथीच्या चार वर्षे आधीचा, २०१६चा. कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइनमधल्या विद्यापीठातल्या ॲशली थॉमस, काइल स्टॅनफर्ड आणि बार्बरा सार्नेका यांनी लोकांना छोट्या गोष्टी वाचायला दिल्या. प्रत्येक गोष्टीत एक मूल थोडा वेळ एकटे राहते. बदलते फक्त कारण. एका गोष्टीत आईला अपघात होऊन ती बेशुद्ध पडली म्हणून, एकीत ती कामाला गेली म्हणून, एकीत आराम करायला, एकीत प्रियकराला भेटायला. मग विचारले, या वेळात मुलाला किती धोका होता? धोका तर आईच्या कारणावर अवलंबून नाही. मूल तितकाच वेळ एकटे आहे. तरी लोकांनी अपघाताच्या गोष्टीत धोका कमी सांगितला आणि प्रियकराच्या गोष्टीत सर्वांत जास्त. आपली समजूत अशी असते की आपण आधी धोका मोजतो आणि मग माणसाला दोष देतो. या अभ्यासात उलटे दिसले. आधी दोष ठरतो, आणि तो योग्य वाटावा म्हणून धोका वाढतो.

हे कळले की २०२०च्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. अंत्यविधीला जमलेले वीस जण आणि क्रिकेट खेळणारे वीस जण यांतला जास्त धोका अंत्यविधीतच होता. लोक रडतात, गळ्यात पडतात, घरात बसून राहतात. पण कुणालाही विचारले असते तर बोट मैदानाकडे गेले असते. रेशनच्या दुकानापुढची रांग माफ होती, दारूच्या दुकानापुढची रांग सगळ्या देशाच्या संतापाचा विषय झाली. विषाणूला दोन्ही रांगा सारख्याच. मी दारूच्या रांगेची तरफदारी करत नाही. पण रोगाच्या नावाने आपण जे बोललो, त्यातले पुष्कळसे आपल्या आधीच्या नापसंतीचे होते, हे मान्य केल्याशिवाय पुढच्या साथीची तयारी होणार नाही.

कोकणातली सर्वांत जुनी आणि सर्वांत गुंतागुंतीची नापसंती चाकरमान्याबद्दलची. तितकेच जुने प्रेमही त्याच्याबद्दलचेच. गिरण्यांच्या काळापासून रेडी-शिरोड्याची चूल मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटली. घराला कौले त्याने घातली, भावाच्या मुलाची फी त्याने भरली, देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पाटीवर त्याचे नाव पहिले. आणि गावात राहून शेत, देव, म्हातारी सांभाळणाऱ्या भावाला वर्षातून दोनदा येऊन सल्ले देणाराही तोच. हा हिशेब कुठेच लिहिलेला नसतो, पण दोघांनाही पाठ असतो.

मे २०२०मध्ये हा चाकरमानी हजारोंनी परत आला. मुंबईत काम बंद, खोली दहा बाय बाराची, संडास चाळीचा, शेजारच्या खोलीत रुग्ण. पास मिळाला त्यांनी गाडी केली, न मिळालेल्यांतले काही टेम्पोत बसून, काही चालत निघाले. त्यांच्यामागोमाग जिल्ह्यातल्या रुग्णांचा आकडा वाढू लागला. म्हणजे गावाची भीती पोकळ नव्हती, हे स्पष्ट लिहायला हवे. सिंधुदुर्गात म्हातारी माणसे खूप, मोठी रुग्णालये थोडी, बांबोळीची वाट अडलेली. पण भीती खरी असली तरी तिने निवडलेले शब्द वेगळेच होते. ‘मुंबैकार इले, आता गाव बुडवतले.’ आलेल्याने काही चूक केली की नाही, हा प्रश्नच नव्हता. रीतसर पास काढून, तपासणी करून, सांगितल्या शाळेत गपगुमान राहिलेल्यालाही तेच ऐकावे लागले आणि आडवाटेने आलेल्यालाही तेच. नियम पाळणाऱ्याला आणि मोडणाऱ्याला एकच माप लागले की नियम पाळण्याचे कारण उरत नाही. जिथे असे घडले तिथे पुढच्यांनी येणे लपवले असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

आलेल्याने राहायचे कुठे? ‘गृह विलगीकरण’ हा शब्द ज्याने बनवला त्याच्या डोळ्यांसमोर वेगळी खोली आणि वेगळे न्हाणीघर असलेले घर असणार. कोकणातले एकत्र घर म्हणजे एक ओटी, एक माजघर, एक विहीर, मागल्या दारी एक संडास. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळा उघडल्या गेल्या, आणि वाडीतली बंद घरेही. कोकणात अशी घरे पुष्कळ. फक्त चतुर्थीला किंवा शिमग्याला कुलूप निघणारी. ज्या घरांच्या बंद असण्याबद्दल गाव एरवी हळहळते, त्याच घरांनी त्या उन्हाळ्यात गाव वाचवायला मदत केली.

मग आली चतुर्थी. २०२० साली ती २२ ऑगस्टला होती. रेडीला गणपतीचे कौतुक दुहेरी: १९७६ मध्ये इथल्या लोहखनिजाच्या खाणीत सापडलेली द्विभुज गणेशाची मूर्ती पाहायला दूरदूरचे लोक येतात, आणि घराघरांतला गणपती वेगळाच. घरातल्या गणपतीला चाकरमानी येणार नाही ही कल्पना कोकणात कुणी केलेली नाही. जुलैमध्ये सिंधुदुर्गात बैठकीतून सूर निघाला की येणाऱ्यांनी ७ ऑगस्टपूर्वी यावे आणि १४ दिवस विलग राहावे. मुंबईतून संताप उसळला. नोकरदाराला दोन आठवडे विलगीकरण आणि वर सणाचे दिवस, एवढी रजा कोण देणार? शेवटी राज्य सरकारने १० दिवस ठरवले. १२ ऑगस्टपर्यंत येणाऱ्यांनी १० दिवस विलग राहायचे, त्यानंतर येणाऱ्यांनी चाचणी करून यायचे. एसटीने येणाऱ्याला ई-पास लागणार नाही, स्वतःच्या गाडीने येणाऱ्याला लागेल.

या तारखांकडे पाहा. चौदाचे दहा झाले ते विषाणूने कमी वेळ घ्यायचे ठरवले म्हणून नव्हे. १२ अधिक १० म्हणजे २२, चतुर्थीचा दिवस. सण, रजा, एसटीच्या फेऱ्या आणि आरोग्य यांच्यात घातलेला तो मेळ होता. राज्य चालवताना असे मेळ घालावेच लागतात, त्यात लाज नाही. पण जाहीर झाल्याक्षणी तो आकडा पवित्र झाला. नवव्या दिवशी अंगणात दिसलेला माणूस पापी आणि अकराव्या दिवशी देवळात गेलेला निर्दोष. ज्यांनी तो आकडा ठरवला त्यांना तो तडजोड आहे हे माहीत होते, ज्यांनी त्यावरून शेजाऱ्याला जोखले त्यांना ते कुणी सांगितलेच नाही. तडजोड आहे हे उघड सांगितले असते तर लोकांनी नियम कमी पाळला असता, असे मानणारे बरेच असतील. मला तसे वाटत नाही. शेतकऱ्याला अंदाजावर पेरणी करायची सवय असते, अंदाज म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

गावाबाहेर, राज्याच्या पातळीवर, दुसऱ्याला जोखण्यातला हा दोष अधिक क्रूर रूपात दिसला. ८ मे २०२०च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला मालगाडीखाली १६ मजूर मेले. जालन्याहून भुसावळकडे चालत निघाले होते, थकून रुळांवरच झोपले. त्या दिवशी कितीतरी जणांनी विचारले, रुळांवर झोपायचे असते का? माणूस जे करतो ते त्याच्या स्वभावामुळे करतो असे आपण दुसऱ्याबद्दल पटकन मानतो, आणि स्वतःबद्दल मात्र परिस्थिती सांगतो. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या चुकीला नाव दिले, तेव्हापासून ती पाठ्यपुस्तकात आहे. करमाडच्या वेळी तिला उत्तर द्यायला एक साधा प्रश्न पुरला असता: रस्त्याने गेले असते तर कुणी जाऊ दिले असते का?

तबलिगी जमातीच्या बाबतीत दोष एका समाजावर ढकलला गेला. दिल्लीतल्या मेळाव्यातून रोग पसरला हे खरे, पण त्यानंतर जे झाले त्यात भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेणेही होते. अहमदनगर जिल्ह्यात २९ परदेशी नागरिकांवर आणि काही भारतीयांवर गुन्हे दाखल झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्यायमूर्ती तानाजी नलावडे आणि मुकुंद सेवलीकर यांनी, ते रद्द केले आणि साथीच्या वेळी सत्तेला बळीचा बकरा हवा असतो अशा अर्थाची नोंद निकालात केली. चतुर्थीच्या आदल्या दिवशीचा तो निकाल. त्याची चर्चा जेवढी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

उलट बाजूला उद्योगपती वाधवान बंधू. एप्रिलमध्ये, जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायची बंदी असताना, दोघे भाऊ कुटुंब आणि नोकरांसह तेवीस जणांचा ताफा घेऊन खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेले. हातात गृह खात्याच्या प्रधान सचिवाचे पत्र. स्थानिकांनी पाहिले म्हणून प्रकरण उघडकीला आले, सचिवाला सक्तीच्या रजेवर जावे लागले. गावाची नजर इथे नेमकी जागी लागली, आणि ती लागली नसती तर काहीच झाले नसते. ब्रिटनमध्ये पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांनी नियम मोडून केलेला प्रवास बाहेर आला, तेव्हा सरकारवरचा लोकांचा विश्वास किती झपाट्याने घसरला हे ‘लॅन्सेट’मध्ये ऑगस्ट २०२० मध्ये आकड्यांनिशी छापून आले. वरच्याचे नियम मोडणे हा त्याचा एकट्याचा प्रश्न राहत नाही, त्याने सगळ्यांसाठीचा नियमच कमजोर होतो. म्हणून सत्ता असलेल्याला जाहीरपणे जोखणे आणि पास न मिळालेल्या टेम्पोतल्या मजुराला जाहीरपणे जोखणे, ही एकाच मापाची कामे नव्हेत.

मग माणसे जोखतात तरी का? एक उत्तर येल विद्यापीठातल्या जिलियन जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये दिले. ज्या गुन्ह्याने आपले काही बिघडले नाही त्याबद्दलही माणूस गुन्हेगाराला शिक्षा द्यायला पदरमोड करतो, आणि पाहणारे अशा माणसावर जास्त विश्वास टाकतात. दुसऱ्याला दोष देणे ही स्वतःच्या भरवशाची खूण ठरते. पण त्याच प्रयोगात पुढे एक सुंदर गोष्ट निघाली. त्याच माणसाला कुणाला तरी मदत करण्याची संधी दिली, तर शिक्षा देण्याचा त्याचा हात आखडतो, आणि पाहणारेही शिक्षेकडे कमी, मदतीकडे जास्त बघतात.

हे वाचल्यावर मला कोकणातल्या शाळांची फाटके आठवतात. आतल्या माणसांसाठी घरून जेवणाचा डबा येई, फाटकाबाहेर ठेवला जाई, आणणारा मागे सरके, आतला पुढे येई. कुणी पेज, कुणी उकड्या तांदळाचा भात, कुणी आंबे. डबा घेऊन जाणाऱ्याला लांबून ‘कसा हा रे?’ विचारावेच लागे. ज्या वाडीत अशा कामाची वाटणी झाली, पाणी कोण भरणार, डबा कोण नेणार, औषधे कोण आणणार, तिथे वही ठेवणाऱ्याचाही राग कमी झाला असेल असे मी मानतो. जिथे नुसतीच पाळत होती तिथे त्याच शाळेची धर्मशाळा न होता कोंडवाडा झाला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध देशातला पहिला कायदा २०१६ मध्ये केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. रायगडात वाळीत टाकण्याची प्रकरणे वारंवार पुढे येत होती, त्या पार्श्वभूमीवर तो आला. १४ दिवस संपल्यावरही एखाद्या घराला विहीर, गिरण, दुकान बंद ठेवणारे बहुधा हे विसरले की रोगाचे कारण पुढे करून वाळीत टाकणे हेही वाळीत टाकणेच असते.

सगळ्या गावाने मिळून कडक नियम पाळायची कला सिंधुदुर्गाला येत नाही, असे मात्र नाही. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात, चिंदरला, वायंगणीला गावपळण होते. देवाचा कौल मिळाला की अख्खे गाव गुरे, कुत्री, कोंबड्यांसह वेशीबाहेर जाते आणि तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत राहते. घरे बंद, रस्ते ओस. म्हातारी, बाळंतीण, सावकार, शाळामास्तर, कुणाला सूट नाही. कौल झाला की परत. शिस्त टाळेबंदीइतकीच कडक, पण तिथे शेजाऱ्यावर नजर ठेवायची गरज फारशी पडत नाही, कारण अडचण सगळ्यांना सारखी असते आणि बाहेर स्वयंपाकही एकमेकांच्या आधाराने होतो. टाळेबंदीत अडचण सारखी नव्हती. पगार चालू असलेल्याला घरी बसणे म्हणजे सुट्टी होती आणि गोव्यातल्या हॉटेलात रोजंदारीवर असलेल्याला उपासमार, आणि दोघांना एकाच नियमाने ‘घरात बसा’ सांगितले गेले होते.

दुसऱ्या लाटेत रेडीसमोर सीमा पुन्हा उभी राहिली. ६ मे २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने आदेश दिला की १० मेपासून गोव्यात येणाऱ्यांकडे कोरोना नसल्याचा दाखला हवा. त्याच दिवसांत बांबोळीच्या रुग्णालयात ऑक्सिजनचा पुरवठा रात्री कमी पडून रुग्ण दगावत होते, आणि तेच न्यायालय त्याचीही सुनावणी करत होते. आदल्या वर्षी हिरव्या असलेल्या गोव्यात आता देशातल्या सर्वाधिक संसर्गदरांपैकी एक दर होता. सिंधुदुर्गातही वाडीवाडीत रुग्ण होते. कोण कुठून आला हे विचारण्यात अर्थ उरला नव्हता. लोक विचारत होते, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात खाट आहे का, आणि ऑक्सिमीटर कुणाकडे आहे.